ढिगातली ढेप

कोल्हापूर, १३ जानेवारी १९९९

अक्काच्या गुऱ्हाळावरून आत्ताच आलो. बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव, म्हणून सगळेच उकळत्या रसाच्या काहिलीत रंग उजळणारी हायड्रॉस पावडर टाकतात. अक्काही टाकायची, घरच्यासाठी आणि मला द्यायला तेवढी बिनपावडरची ढेप वेगळी काढायची. यंदा तिनं पावडर बंदच केली. सगळा गूळ तांबूस निघाला.

सकाळी सौद्यात अडत्या म्हणाला, "अक्का, ह्यो काळा गूळ कोण घेणार?"

"काळा न्हाई, गुळाच्या रंगाचा हाय. बोली लाव की."

बोली कमीच लागली. निम्मा माल तिनं परत आणला.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. तिला म्हटलं, पावडरीमुळे गुळात सल्फाइट राहतं खरं, पण मर्यादेत असलं तर कायद्याला चालतं.

"मोजतंय कोण? गडी मुठीनं टाकतोय. दम्याच्या माणसानं खाल्ला म्हंजे?"

तिच्या जागी मी असतो तर? पडलेला भाव ऐकून पुन्हा पावडर आणली असती, बहुतेक.

निघताना सवयीनं विचारलं, "माझी वेगळी ढेप कुठं ठेवलीस?"

तिनं विक्रीच्या ढिगाकडं बोट केलं.

"कुठलीबी उचल."