सूतभर जास्त

जानेफळ, बुधवार

काल लिहिलं ते चूक होतं. खामगावच्या भिंतीतल्या कपाटाची तोंडाची चौकट माझ्या हातून तोकडी झाली नव्हती. मी ती खोक्याहून दोन्ही बाजूंना सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रुंदच ठेवली होती. जुनी भिंत ओळंब्यात, सरळ उभी, नसते, म्हणून ते जास्तीचं सूत जागेवर, भिंत बघून रंधायचं. बाबांनीच शिकवलेलं.

आज विचारलं तेव्हा ते म्हणाले, "निघायच्या आधी काकानं रंधा मारला. त्याले वाटलं, तू चुकली."

म्हणून भिंतीशी फट पडली. आणि काका घरमालकीण बाईंना हसून म्हणाले होते, "पोरीचं माप हाय, सांभाळून घ्या." बाबा शेजारीच उभे होते.

"मंग तुम्ही तिथं काऊन नाही बोलले?"

"भाऊ हाय तो माहा."

आणि मी? ते सूत का ठेवलं, हे त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त बाबांना माहीत होतं. आता बाईंनी निरोप दिलाय, पुढच्या कामाला मुलीला पाठवू नका.

नव्या पट्ट्या कापून झाल्या, सूतभर जास्तच. शनिवारी सकाळच्या एसटीनं मी एकटी खामगावला जाणार आणि बाईंच्या समोर चौकट बसवणार.