चुन्याखालची नावं

३ नोव्हेंबर
पोचलो बाई एकदाचे! मिरजेहून रात्री निघालेला टेम्पो सकाळी जूचंद्रला टेकला. रोनाल्ड इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा नवा पाळक, म्हणून मी आपोआप पाळकीणबाई. मिठागराच्या कडेला बुटकं कौलारू देऊळ, म्हणजे आमचं चर्च, मागे उंच बिल्डिंगी. आमची लेक एलिसा चार वर्षांची. तिला अंगण मिळालं, मला ऐसपैस ओटा. आणखी काय पाहिजे!

५ नोव्हेंबर
मंडळीला सव्वाशे वर्षं होतायत. देवळाचा इतिहास मी लिहायचा ठरलंय, पण दप्तर कुठलं! रजिस्टरं कधीच खाडीच्या पाण्यात गेली. तेव्हापासून इथे बाप्तिस्मा झालेल्यांची नावं मागच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहितात. माणूस गेलं की त्याच्या नावावर चुना फिरवतात. देवळाची राखण करणारे नथूमामा, वय ऐंशी, मला बजावत होते, खाऱ्या पान्यानं पोपडं आलं तरी खरवडू नको, बाय, वरूनच चुना मार.

९ नोव्हेंबर
एलिसाचा राहून गेलेला बाप्तिस्मा आज झाला. मामांनी भिंतीवर तिचं नाव लिहिलं. माझे डोळे भरून आले.

११ नोव्हेंबर
जुनी नावं वाचल्याशिवाय कसला डोंबलाचा इतिहास? मामा बाजारात गेल्यावर उलथन्याने एक पोपडा काढला. खाली नाव निघालं, ‘सोनू’. मामांनी येऊन पाहिलं आणि घाईने ते नाव तळव्याने झाकलं. सोनू त्यांची धाकटी बहीण, पाचव्या वर्षी मिठागरात बुडालेली. म्हणाले, एक नाव उघडं पडलं की भिंत दुसरं झाकून घेते. म्हातारपण, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर
रविवारच्या शब्बाथशाळेला बारा मुलं होती. चित्रांचे कागद जमले तेरा. तेरावा ओला होता, वाळल्यावर त्यावर मीठ फुटलं. एलिसा म्हणाली, ते सोनूचं आहे.
हे नाव तिला आम्ही कोणीच सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर
एलिसा गारठलीय. कपाळाचा पापा घेतला तर खारट लागलं. डॉक्टरांना काही सापडत नाही. भिंतीवर तिच्या ‘ए’वर पांढरा चुना चढलाय. मामा शपथेवर सांगतात, त्यांनी हात लावला नाही. सोनूच्या नावावर आम्ही तीनदा चुना मारला. तिन्ही वेळा गळून पडला.

१८ नोव्हेंबर
‘लि’ही गेला. खरवडते, पुन्हा चढतो. नखं सोलली. तिला दवाखान्यात ठेवलंय, रोनाल्ड तिच्यापाशी— श्वास मंद— माझ्या हाताने केलं मी हे, देवा, माझ्याच हाताने—

१९ नोव्हेंबर, सकाळ
‘सा’ तेवढा उरलाय. मामांना विचारलं, माझं लेकरूच का हवंय या भिंतीला? ते रडत म्हणाले, नाव पायजे, बाय, कोनाचंपन.
माझा बाप्तिस्मा मिरजेचा. या भिंतीवर मी नाहीच.

दुपार
कोळशाने माझं नाव लिहिलं. विनया. ‘सा’च्या शेजारी.
चुना चढतोय— माझ्या नावावर. तिच्यावरचा गळतोय— ‘लि’ दिसला— ‘ए’—
रोनाल्डचा फोन. तिने डोळे उघडले. पेज मागतेय. माझी बाय ती—
‘वि’ गेला. बोटं गार. पेन धरवत—
रोनाल्ड, माझं नाव खरवडू नकोस. कितीही वाटलं तरी. एलिसाला सांग, आई—