खालचा डावा कोपरा

आप्पा, मी मशिन घेतलं. बॅटरीवर चालणारी करवत. दुकानात तिला मायटर सॉ म्हणतात, म्हणजे फ्रेमची पट्टी कोपऱ्याला तिरकी कापायचं तेच काम, जे तुम्ही लाकडी साच्याच्या खाचेत हातकरवत घालून जन्मभर केलं. वायरचं मशिन स्वस्त मिळत होतं, पण ते घेऊन करू काय? लोडशेडिंग आहे. दुपारी लाईट जाते, गल्लीभर जनरेटर धडधडायला लागतात, समोरच्या मिठाईवाल्याचा तर असा धूर सोडतो की काचा पुसून पुसून माझे हात भरून येतात, आणि आपल्या दुकानात मी अंधारात बसून असते. बसून असते म्हणजे ऐकत असते. पण हे तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तिथंच असता.

थांबा. असं नको. पहिल्यापासून सांगते.

तुमच्या प्रत्येक फ्रेमचा खालचा डावा कोपरा चुकायचा. तो तुम्ही सगळ्यात शेवटी कापायचा, आणि शेवटच्या ओढीला तुमचं कोपर बाहेर जायचं, साचा सरळ असूनही करवत जराशी झुकायची. पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट. तुम्ही भुसा आणि सरस कालवून ती भरायचा, वरून सोनेरी रंगाचं बोट फिरवायचा, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते सगळं वाळून गळून पडायचं. अजून मी कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत भिंत बघते. मागं गडमुडशिंगीला मैत्रिणीच्या सासरी गेले होते. सोप्यात तिच्या आजेसासऱ्यांचा फोटो, फेटा, मिशा, चंदनाचा हार, आणि मी बघतेय खालचा डावा कोपरा. होती. फट होती. मैत्रिणीची सासू म्हणाली, "काय बघालीस गं एवढं? वळखीचं हुतं व्हय तुझ्या?" मी व्हय म्हटलं. खोटं नव्हतं ते.

आणि ती दुपार. मी तेव्हा बी.ए.ला होते, कॉलेज सुटलं की दुकानात येऊन काचा पुसत बसायचे. काचच पुसायची मला परवानगी. एकदा करवत उचलली तर तुम्ही हातातून काढून घेतलीत, एवढ्या जोरात की ग्राहक वळून बघायला लागले. "पट्टीला हात लावायचा न्हाय. बोटं लिवायला ऱ्हाऊ देत." मला तेव्हा वाटलं, तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही. तर त्या दुपारी चंदगडचा एक माणूस आला, वडलांच्या फोटोची फ्रेम न्यायला. केस नुकतेच उतरवलेले, टोपी डोक्यावर बसत नव्हती. फ्रेम हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि त्याची नजर बरोबर तिथं गेली.

"मिस्त्री, ही फट कसली ओ?"

"कुठली?"

"ही काय. मी काय आंधळा हाय? म्हाताऱ्याचा फोटो हाय, कोंबड्याचं खुराडं न्हवं. दुसरी करून द्या."

दुसरी करायची म्हणजे संध्याकाळ. तुम्ही बाहेर बघितलं, ऊन कुठपर्यंत आलंय ते. मग फडक्यानं हात पुसले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणालात, "पावणं, फट न्हवं ती. वाट हाय."

"कसली वाट?"

"गेल्याल्या माणसाची. चारी बाजूनं बंद केलासा तर त्यो जाणार कुठनं? बापाला काचंमागं कोंडायचा हाय व्हय तुमास्नी?"

माणसानं फटीवरून बोट फिरवलं, टोपी काढली, फ्रेम कपाळाला लावली, आणि बगलेत धरून स्टँडकडे पळत सुटला. मी तुमच्याकडे बघत राहिले. "आप्पा, हे कधीपासनं?" तुम्ही पुढची पट्टी साच्यात घालत होता. "आत्तापासनं. काय करू मग? शेवटची गाडी चुकली असती की त्याची. घरात दिवस चालू हाईत." आणि करवत ओढायला लागलात. चार ओढी, थांबणं, भुश्यावर एक फुंकर. फू. परत चार ओढी.

थाप होती. माझ्यासमोर जन्मलेली थाप. पण ती त्या माणसाच्या बगलेत बसून चंदगडला गेली आणि तिथं पावसासारखी मुरली. थोड्या दिवसांनी तिकडचेच दोघं आले, म्हणाले, ती वाटंची फ्रेम करतायसा ते तुम्हीच काय? मग गडहिंग्लजचे यायला लागले. मग खुद्द शहरातले. तुम्ही गेलेल्या माणसांच्या फ्रेमची फट भरणंच बंद केलंत. देवाच्या आणि लग्नाच्या फोटोला तेवढा भुसा-सरस. जिवंत माणसाला वाट कशाला, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "त्याला दार हाय की." मी ते वहीत लिहून ठेवलं होतं, कथेत वापरायला. कथा झाली नाही. माझ्या कथा तेव्हा सगळ्या अर्ध्यावर मोडायच्या, आणि मी त्याला प्रयोग म्हणायचे.

तुम्ही गेलात तेव्हा पट्टी मोजत होता. मोजता मोजता स्टुलावर बसलात, आणि टेप आपोआप सरकत डब्यात गेला, तो आवाज ऐकून मी मागं वळले. दिवस घालायच्या आत फोटो हवा होता. मामा म्हणाला, शेजारच्या बोळातनं करून आणतो. आई उठून उभी राहिली. "ह्यांची फ्रेम दुसऱ्याच्या दुकानातनं आणायची व्हय? अख्ख्या जिल्ह्याची माणसं ह्यांनी भितीवर लावली." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कधीच पट्टी कापली नव्हती. तुमचा साचा, तुमची करवत, तुमचं स्टूल. मी तुमच्यासारखी बसले, तुमच्यासारखी फुंकर मारली. शेवटचा कोपरा कापला, चारी पट्ट्या जुळवल्या, आणि आप्पा, तो कोपरा बंद झाला. असा बंद की नख जाईना. पहिल्यांदाच करवत चालवलेल्या पोरीचा. लोकांनी कौतुक केलं. बापापेक्षा सफाई हाय हाताला, म्हणाले. आई फोटोजवळ गेली, पदर बोटाला गुंडाळून खालच्या डाव्या कोपऱ्यावर फिरवला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कोंडलंस की गं त्यांस्नी."

तेव्हापासून तुम्ही दुकानात आहात.

सुरुवातीला मला वाटायचं, उंदीर असेल. किंवा वरच्या मजल्यावरचं काहीतरी. पण लाईट गेली, पंखा थांबला, की बाहेरच्या जनरेटरच्या खालून, म्हणजे त्या आवाजाच्या तळातून, यायचंच. चार ओढी. थांबणं. आणि ती फुंकर, मानेला लागेल एवढ्या जवळून. मी पहिल्यांदा ओरडून रस्त्यावर पळाले होते. मिठाईवाला हातातला झारा तसाच घेऊन आला. "काय झालं?" "काय न्हाय, झुरळ." आई उदबत्ती लावायला दुकानात येते तेव्हा तुमच्या फोटोची काच पुसते. पुसते, परत पुसते, ओल्या फडक्यानं पुसते. भुसा जात नाही. आतून आहे तो. काचेच्या आतल्या बाजूनं, तळाशी, बारीक पिवळा थर, आणि दर महिन्याला जरासा वाढतो. मी कॉलेज शिकलेली आहे, मला कारणं येतात. पाठीचा पुठ्ठा जुना, कीड लागली असेल. आई कारणं ऐकून घेते. मग म्हणते, "अजून कामातच हाईत ते. बस म्हनायला कोन न्हाय."

एकदा मला राग आला. दिवसभर ग्राहकांना कानस लावून वाटा करून देत होते. माझ्या हातून कोपरा बंदच होतो, म्हणून मग मागाहून घासून फट पाडायची, आणि लोकांसमोर चेहरा गंभीर ठेवायचा. घरी येऊन मी आईला सांगून टाकलं. म्हटलं, थाप होती ती. मी तिथं होते. त्या पावण्याची गाडी चुकू नये म्हणून आप्पांनी मारलेली थाप. आई भाकरी थापत होती. थापतच राहिली. "मला म्हाईत न्हाय व्हय? त्याच राती जेवताना सांगून हसलं हुतं मायंदाळ."

"मग?"

"मग काय? थाप तर थाप. पर थाप असली तर सगळ्यांची थाप, आनि खरी असली तर सगळ्यांची खरी. एवढ्या लोकांची माणसं त्यांनी वाटंला लावली, आनि त्यांच्यापुरतंच तेवढं दार बंद?" भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "आनि कानस लावून करू नको. ती चोराची वाट. कापतानाच राहायला पायजे, त्यांच्या हातानं ऱ्हायची तशी."

मी प्रयत्न केला. कोपर बाहेर काढून बघितलं, डोळे मिटून बघितलं. एक तर कोपरा बंद व्हायचा, नाहीतर बोट जाईल एवढा फाकायचा. चुकीचं कापायला मला येईना. मनगट तेवढं सुजलं. म्हणून मशिन, आप्पा. लोकांना मी सांगितलं लोडशेडिंग, मनगट, कामाचा लोड. ते सगळं खरंच आहे. पण लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मी तुमच्या नव्या फ्रेमच्या कोपऱ्याची पट्टी पिशवीत घालून गेले होते.

मालक गल्ल्यावरून उठलाच नाही. "मिस्त्री कुठं हाईत, ताई?" मीच म्हटल्यावर उठला. बॅटरीवरची दोनच होती, मुंबईहून आलेली. मोठं होतं त्याचं त्याला भारी कौतुक. खालची गोल थाळी फिरवायची, पंचेचाळीसवर आली की टक्क करून आपोआप खाचेत बसते. मी ती अर्धा अंश मागं सरकवली. टक्क. परत पंचेचाळीसवर. परत सरकवली. टक्क.

"ती तशी ऱ्हायची न्हाय, ताई. हेचं तेच तर हाय. चुकीचं कापूच देत न्हाय."

"मला चुकीचं कापायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पोटापासून हसला. "अवो, लोकं बरोबर कापायला मशिन घेत्यात. चुकीचं फुकट हुतंय की घरी!"

"माझ्याच्यानं होत न्हाय."

दुसरं लहान होतं, पातं लहान, बॅटरी लवकर उतरणारी, कुणी न घेतल्यामुळं खोक्यावर धूळ बसलेलं. पण त्याला एक खिट्टी होती, ती दाबली की थाळी खाच सोडून पाहिजे तिथं घट्ट राहायची. मी थाळी पंचेचाळीसच्या अर्धा अंश मागं ठेवली. पिशवीतली पट्टी लावली. मालकानं बटण दाबलं आणि असा कर्कश आवाज झाला की बाहेर रिक्षावाला दचकला. "आनि बघा, भुसा उडत न्हाय. मागं पिशवी हाय, त्यात जातोय. फुंकायलाच नको." मी पट्टीला पट्टी जुळवली. खालचा डावा कोपरा. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, वरून खाली सारखी, जराशी बाहेर झुकलेली. आप्पा, तुमचं कोपर होतं ते. हुबेहूब.

"वाया गेली की पट्टी," मालक म्हणाला.

तिथं एक माणूस कडीकोयंडे निवडत उभा होता. तो वाकून बघायला लागला. "वाटंची फ्रेम न्हवं ही? आमच्या आईची हाय, गडहिंग्लजला. कोल्हापुरातनंच नेल्ती." मग जरा ओशाळून, पण सांगितलंच. "त्या फटीतनं मुंग्या आत-बाहेर करत्यात. बायको म्हनती औषध मारा. मी मारू देत न्हाय. आईची काय बाय कामं असतील, म्हटलं."

मालक हसला नाही. मोठं मशिन गुपचूप खोक्यात घातलं आणि लहान पुसायला घेतलं. निघताना मी मागची पिशवी काढून त्याच्याकडेच ठेवली. म्हटलं, भुसा उडू दे.

आता हे मी ज्या कागदावर लिहितेय तो खाकी कागद आहे, फ्रेमच्या पाठीला शेवटी चिकटवतात तो. तुमच्या मापाचा कापलेला. हा चिकटवला की फ्रेम झाली. तीन कोपरे बंद, एक तुमचा. आत फोटो बसवायचा, जुनी उतरवायची, नवी लावायची. आईनं हारसुद्धा सांगून ठेवलाय. आणि मी विचार करतेय की आई म्हणते तसं झालं तर? थाप खरी निघाली तर? लाईट जाईल, जनरेटर सुरू होतील, आणि त्यांच्या आवाजाखाली काहीच नसेल. मी लाईट नसताना चालावं म्हणून हे मशिन घेतलं, आणि लाईट गेली की तेवढं मशिन बंद करून ठेवते. त्याच्या आवाजात फुंकर ऐकू येत नाही.

हा कागद मी चिकटवणार नाही. घडी करून साच्याखाली ठेवीन. फ्रेम मागं प्लायवूडच्या आड उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. आई रोज भाकरीला बसताना विचारते, "कापलीस का गं त्यांची?" मी म्हणते, बॅटरी कुठं भरली आहे अजून, लाईट असते कुठं. तिला ते पटतं.

बॅटरी पहिल्याच दिवशी भरली, आप्पा.