पॅनकेक उलटण्याबाबत

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. मोठीच्या परीक्षेची काळजी करू नकोस, गणितात ती तुझ्यावर गेली नसेल तर पास होईल. भावजींना नमस्कार. इथे मोरीचा गळका पाइप एकदाचा बदलून घेतला. माझं काम नेहमीचंच: कारखान्यातल्या भट्ट्यांचे तापमापक तपासायचे आणि चुकीचे निघाले की ते वापरणाऱ्यांशी वाद घालायचा.

तुझे पॅनकेक उलटताना फाटतात, कडा दुमडतात, तर आईला युक्ती विचारून कळव, असं तू लिहिलं आहेस. कळवते.

पीठ कालवताना गुठळ्या मोडत बसू नकोस, थोड्या राहिल्या तरी चालतात. ते जरा मुरू दे. पॅन मध्यम आचेवर तापव आणि तेलाचा नुसता हात फिरव. पीठ मधोमध ओत, पळीने पसरू नकोस. ते आपलं आपण गोल होतं. बुडबुडे आले की लगेच उलटायचं नाही. ते फुटून भोकं तशीच राहिली आणि कडेची चकाकी गेली, की पॅन हलवून बघायचा. पॅनकेक सरकला तर तयार. सरकला नाही तर तो अजून बुडाला धरून आहे, आणि तेव्हा उलथणं घातलं की फाटणारच. तुझं इथेच चुकत असणार. उलथणं पूर्ण आत जाऊ दे, थोडंसंच उचल, आणि हात नाही, मनगट फिरव.

घशाच्या ऑपरेशननंतर आईला बोलता येत नाही, तेव्हा हे सगळं तिने माझं मनगट धरून शिकवलं. मी ओट्याशी उभी, ती शेजारी स्टुलावर. वेळ झाली की मनगट दाबायची. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं दोन-दोन पॅन एकदम सांभाळलेली बाई ती. मी कामावरून तापमान मोजायची बंदूक आणली, तर तिने ती माझ्याच कपाळावर रोखली आणि आवाज न करता हसली. सुरुवातीचे सगळे फाटले. मग एक उतरला, गोल, दोन्हीकडून सारखा बदामी. आईने टाळ्या वाजवल्या. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. निदान मला तसं वाटलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी दोन करते, ताटली तिच्या पलंगाशी ठेवते आणि आंघोळीला जाते. परत येते तेव्हा ताटली रिकामी असते. तेच मी तुला फोनवर सांगत आले. दोन खाते, पूर्ण खाते. तू म्हणालीस, मग मुलांच्या सुट्टीतच येते, म्हणजे नीट राहता येईल. मी ठीक आहे म्हटलं.

मधे दवाखान्यात तिचं वजन केलं. बरंच उतरलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचा काटा चुकतोय. घरी आपल्या काट्यावर पाहिलं, तेच. मग आपला काटा कामावर नेऊन तपासला. काटा बरोबर होता. तरीही मी दुसऱ्या वजनांनी पुन्हा तपासला. ती खाते हेच चुकीचं असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. रिकामी ताटली मी रोज डोळ्यांनी बघत होते.

गेल्या आठवड्यात फाटकातून निघताना वॉचमनकाकांनी थांबवलं. त्यांची खुर्ची आईच्या खिडकीखालीच असते.

"मॅडम, राग मानू नका, पण कालचा जरा जाड झाला होता," ते म्हणाले. "परवाचा मात्र एक नंबर."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग सगळं कळलं. आई रोज दोन्ही पॅनकेक कागदात गुंडाळून खिडकीतून त्यांच्या हातात देते. त्यांना ते जास्तीचे वाटायचे. "आजींना नाही म्हणवत नाही हो," म्हणाले. माझा चेहरा बघून ते खुर्चीतून उठले आणि मग उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले नाही. ताटली ठेवून समोर बसले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. एक तुकडा मोडून तोंडात घातला. तो बराच वेळ तोंडातच राहिला. शेवटी तिने तो रुमालात काढला, रुमालाची घडी घातली आणि माझ्या गालावरून हात फिरवला, जणू गिळता मला येत नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि हळूच टाळी वाजवली.

दूध चमच्याने देते. निम्मं परत येतं. पोटात अन्न सोडायच्या नळीला तिने नकार दिला आहे आणि डॉक्टरही आग्रह करत नाहीत.

आता मागचं एक. डॉक्टर म्हणाले होते, "यांना जे आवडेल ते द्या." ते मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, म्हणजे पथ्य सुटलं. मी हो म्हणाले. ताई, पथ्य सुटलेलं नाही. त्यांनी उपचार सोडले आहेत. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी रोज जास्तीत जास्त गोल पॅनकेक करत राहिले.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन आईच्या खोलीत आहे आणि तिला ऐकू चांगलं येतं. ताईला बोलावू का, असं मी तिला विचारलं. तिने मान हलवून नको म्हटलं. मुलांची परीक्षा आहे, हे तिच्या लक्षात आहे. आत्ता मी तिच्या पायाशी बसूनच लिहिते आहे. तिला वाटतंय, तुला पॅनकेकची कृती कळवते आहे.

तू आलीस म्हणून ती खाईल, असं नाही. तुझ्या हातचंही ती खाणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू पिठाचा डबा, दूध, अंडी घेऊन येणार नाहीस. माझ्याकडे तुला द्यायला कुठलीही आशा नाही. मी सगळं तपासून पाहिलं आहे.

नुसती ये. सुट्टी लागायच्या आधी ये.

तुझी धाकटी