फाइन म्हणजे उत्तम

३ जून, सोमवार
आज साहेबांना तोंडावर सांगितलं. प्रुफं तपासायला उजेड लागतो. खिडकीजवळचं माझं टेबल नव्या बाईंना देणार असाल, तर मी नोकरी सोडतो. साहेब मान वर न करता म्हणाले, फाइन. एका शब्दात शरणागती.

४ जून
हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, फाइन म्हणजे खुशाल जा. हिचं इंग्रजी कच्चं. कोश काढला. फाइन, विशेषण: उत्तम, तलम, बारीक, ठणठणीत. 'खुशाल जा' कुठेही नाही. 'बारीक' सोडलं तर सगळं मला लागू. उद्यापासून साखर बंद.

५ जून
साखर उद्यापासून.
मेव्हण्याला फोन केला. तो इंग्रजी शिकवतो आणि माझ्या चुकांवर टपलेला असतो. म्हणाला, भावोजी, मूळ लॅटिन, अर्थ 'शेवट'. आणि हसला. मी सुनावलं, शेवट म्हणजे टोक, परमावधी, ज्याच्यापुढे काही नाही. तो म्हणाला, व्युत्पत्ती अगदी अशीच आहे, पण तुमचे साहेब लॅटिनमध्ये बोलतात का?
जळतो.

६ जून
शब्दाचा वापर प्रत्यक्ष पडताळायचं ठरवलं. हिला म्हटलं, उद्या तुझ्या भावाकडे जेवायला मी येणार नाही. ही म्हणाली, फाइन.

७ जून
ही गेली. माझ्यासाठी काही करून ठेवलं नव्हतं. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. डब्यातली साखर खाल्ली.

१० जून, सोमवार
टेबल खिडकीजवळच आहे. त्यावर नव्या बाई. सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनीच विचारलं, तुम्ही शनिवारपर्यंतच होतात ना? मी म्हणालो, तुम्ही तर फाइन म्हणालात. ते म्हणाले, हो, म्हणूनच. मी खुर्ची ओढून बसलो आणि लॅटिनपासून सगळं समजावलं. माघार घ्यायची नव्हती, घेतली नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, इंटरेस्टिंग. आणि दार उघडून धरलं.
इंटरेस्टिंग. बघितलं पाहिजे.

११ जून, सकाळी साडेदहा
घरीच. कोश उघडला, वाचता येईना. तेवढ्यात नव्या बाईंचा फोन. चष्मा टेबलाच्या खणात राहिलाय, म्हणाल्या, पाठवून देते. मग विचारलं, कसे आहात?
फाइन, म्हणालो.