मलावीचं पावणं

३ जून
शिरोळचे बाहुबली मगदूम लघवी तपासायला लॅबमध्ये. सहा महिने रक्त जातंय. मुतखडा नाही. मूत्राशयात गाठ असेल म्हणून पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून तुकडा काढणार. बायको सोबत. मगदूम मोठ्यांदा, "कांबळे मॅडम, कॅन्सर न्हाय म्हणून सांगा की!" मी काय सांगणार? रिपोर्टात नुसत्या लाल पेशी.

४ जून
मगदूम रिपोर्ट न्यायला. सहज विचारलं, काम काय?
"मलावीत हाय की. आफ्रिकेत. साखर कारखान्यात. सुट्टीवर आलोय."
पोहता?
"रोज! तळं समुद्रागत हाय."
चमकले. कॉलेजात एक चित्र घोकलं होतं. शिस्टोसोमा जंताचं अंडं, टोकाला काटा. तीस वर्षांत खरं कधी... उद्या दुपारी बोलावलंय. आधी जिना चारदा चढा-उतरा म्हटलं, अंडी सुटून येतात.
"ही कसली तपासणी वो?"

५ जून
सापडली!! लघवीत तीन अंडी, काट्यासकट. ओरडलेच. डॉक्टर सर चहा टाकून धावले. मगदूमांना सांगितलं, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून अळ्या सुटतात, कातडीतून आत शिरतात, जंत होऊन मूत्राशयापाशी अंडी घालतात. त्यानंच रक्त. औषध आहे.
बायको पहिल्यांदा बोलली, "म्हंजे कॅन्सर न्हाय?"
सर : बहुतेक नाही. गोळ्या देऊ, परत बघू. तुकड्याचं थांबवा.
ती रडली. मग नवऱ्यावर, "पवायला कुणी सांगितलतं?"

९ जून
गोळ्या इथं मिळेनात, पुण्याहून आल्या. वजनाप्रमाणे पाच. मगदूमांना दिवसभर चक्कर, मळमळ. संध्याकाळी फोन, "जित्ता हाय."

२२ जुलै
अंडी नाहीत, रक्त नाही! मगदूमांनी काकवी आणली. पण चेहरा पडलेला. म्हणाले, "तितं शेजारची पोरं लाल मुतत्यात. मोठं हुताना व्हतंच म्हणत्यात. मी बी हसायचो. त्यास्नी हीच गोळी चालंल न्हवं?"
चालेल की. पण तिथल्या दवाखान्यातून, मोजून.
पुढच्या महिन्यात परत जाणार.

१४ ऑक्टो.
मलावीहून फोटो! शाळेच्या अंगणात खुणा केलेला बांबू. त्याला टेकून पोरं उभी, उंचीवरून गोळ्या ठरतात. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सला मगदूमांनीच गाठलं. दात विचकून शेजारी उभे. लॅबभर दाखवला.
खाली लिहिलंय : गोळी खाऊन पोरं सरळ तळ्यात, म्हंजे परत जंत. लई उकडतंय, नळ न्हाय. कारखान्याच्या मॅनेजरला नळाचं बोललो, बघू म्हणाला.
मी : रोज विचारा.
अजून वाचलेलं दिसत नाही.