अकरावं पान

ता. ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शाळेत जायच्या आधी तू मला भरतकाम करता करता आकडेमोड शिकवायचीस, तेव्हा वरच्या ओळीतले तीन टाके बघून खालचा टाका ठरवायचा आपला खेळ होता. माझं संशोधन त्याच खेळावर उभं आहे. संगणकातल्या पटावरचं प्रत्येक घर शेजाऱ्यांकडे बघून काळं किंवा पांढरं होतं, आणि सुरुवातीला कोणता रंग जास्त होता ते सगळ्या घरांनी शेवटी त्याच एका रंगाचं होऊन सांगायचं. रंग कसा बदलायचा हे एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे आकडेमोडीचं जाळं, ठरवतं. ते जाळं मी हाताने विणत नाही. दोनशे जाळी सोडते, चुकणारी काढून टाकते, उरलेल्यांची पिल्लं पुढे नेते. नऊशे पिढ्यांनंतर एक जाळं असं निपजलं की शंभरातले शंभर पट बरोबर!

काल कळलं, माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावरचा शोधनिबंध एकट्याच्या नावाने परिषदेला पाठवला. टाक्यांचा खेळसुद्धा म्हणे त्यांच्याच बालपणीचा. विचारायला गेले तर म्हणाले, तू टायपिंग नीटनेटकं केलंस. माझी बोटं अजून गार आहेत. माझं कुठे काही चुकलं का, तेवढं सांग.

लोभ आहेच, या वेळी सोबत थोडा धीरही पाठव.
तुझी मुंगी

ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

बोटं गार पडू दिलीस, एवढंच चुकलं. त्या माणसाने लहानपणी सुई धरली असेल तर मीही विमान चालवलंय. तुझं पत्र वाचून मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, इतकं डोकं फिरलं. तुझा काका म्हणतो, जाऊ दे. मी म्हटलं, तू जा.

रडून कागद भिजवू नकोस. जन्मभर स्वतःच्या चुका शोधत आलीस, आता जरा त्याच्या शोध. सापडली की मला आधी कळव. मला ते नाक कापलेलं बघायचंय.

जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.
तुझी मावशी

ता. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

त्यांची चूक शोधायला बसले आणि सापडली माझीच. एक पट संपला की दुसरा मांडण्याआधी पहिल्याच्या खुणा पुसायला हव्या होत्या. मी पुसल्याच नाहीत. त्यात पट दिले आलटून पालटून, एक काळा जास्त, एक पांढरा जास्त. जाळ्याने मोजायचे कष्ट घेतलेच नाहीत. आपल्या आधीच्या उत्तराच्या खुणा बघायच्या आणि त्याच्या उलटं उत्तर द्यायचं. नऊशे पिढ्या खपवून मी एक कॉपीबहाद्दर वाढवला! खुणा पुसल्या की शंभरात बावन्न बरोबर, म्हणजे नाणेफेकच.

परिषदेत परीक्षक आपले पट आपल्या क्रमाने देतील. सर भर सभेत तोंडावर आपटतील. न सांगणं मला जमेना, म्हणून सतरा पानांचं टिपण दिलं. चूक अकराव्या पानावर, स्वच्छ शब्दांत, तारखेसह. पण माझ्या टिपणाचं दुसरं पान त्यांनी कधी उलटलेलं नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच अकरावं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. याला सांगणं म्हणतात का, मावशी?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी मुंगी

ता. २६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

सांगितलंस की! आता काय घास भरवायचा त्याला? तरी तुझं पोट दुखत राहणार, हे मी ओळखून आहे. म्हणून एक कर. तो परिषदेत बोलायला उभा राहण्याआधी त्याला तोंडाने विचार, टिपण वाचलंत का. नाही म्हणाला तर तिथल्या तिथे सगळं सांग आणि मोकळी हो. हो म्हणाला तर गप्प बस. अगदी गप्प.

तुझी वाट बघणारी,
मावशी

ता. १५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सभागृहाच्या जिन्यात विचारलं. सर म्हणाले, अक्षरन् अक्षर वाचलं, उत्तम आहे. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

परीक्षक बाईंनी ओळीने वीस पट दिले, सगळे काळा जास्त असलेले. जाळं सांगत गेलं, काळं, पांढरं, काळं, पांढरं. दहाव्या पटाला लोक हसू लागले. सरांची मान लाल झाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनात शोधलं, कुठेच सापडलं नाही. उलट वीस पट फार लवकर संपले असं वाटलं.

मग सरांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की यातली एक ओळही त्यांची नाही. कल्पना, मांडणी, प्रोग्राम, सगळं त्या मुलीचं, तेव्हा चूकही तिचीच. बाईंनी मला विचारलं, हे खरं का. मी उभी राहून म्हणाले, सगळं खरं आहे. सगळं माझं, आणि चूकही माझीच.

बाईंनी निबंधाचं पहिलं पान वर धरलं आणि सरांना विचारलं, मग इथे तुमचं एकट्याचं नाव कसं? सरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘माझ्या संमतीनेच’ एवढं जरी मी बोलले असते तर ते त्यातून कसेबसे निसटले असते, हे दोघांनाही कळत होतं. मी खाली बसले.

लोभ तसाच राहू दे. मी पोटभर जेवले.
तुझी मुंगी